वृद्ध न्याहाळक आणि त्याच्यापाशी अडकलेला मजकूर

१५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने 'इंटरनेट एक्सप्लोरर' हा आपला न्याहाळक निवृत्त केला. दक्षिण कोरियातील ग्यॉन्जू शहरात एका संगणक अभियंत्याने त्याच्या नावाची दगडी समाधी उभारली आणि इतर न्याहाळक उतरवून घेण्यासाठी हा फार चांगला होता, अशा अर्थाचा मृत्युलेख तिच्यावर कोरून घेतला. समाधीचे छायाचित्र जगभर छापून आले, लोक हसले आणि विषय संपला. असा एक अंत्यविधी त्याआधीही होऊन गेला होता. ४ मार्च २०१० रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे, संकेतस्थळे रचणाऱ्या एका मंडळाने याच न्याहाळकाच्या सहाव्या आवृत्तीची शवपेटी ठेवून निरोपाचा समारंभ केला होता, आणि खुद्द मायक्रोसॉफ्टने त्यासाठी फुले धाडली होती. ज्याचे तेरावे दोनदा घातले गेले असा हा बहुधा एकमेव न्याहाळक असावा.

जुना न्याहाळक संगणक वापरणाऱ्यांच्या दृष्टीने अजून महत्त्वाचा आहे का, हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या पानांवर अधूनमधून विचारला जातो आणि त्याचे उत्तर टक्क्यांत दिले जाते. शंभरांपैकी किती जण अजून तो वापरतात? पाच असतील तर थोडे थांबू, अर्धा असेल तर सोडून देऊ. हा हिशेब दुकानदाराचा आहे आणि दुकानदारासाठी तो योग्यही आहे. पण साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांनी तो जसाच्या तसा स्वीकारावा असे मला वाटत नाही. मोडी वाचणाऱ्यांचे प्रमाण लोकसंख्येत किती, असे विचारून पुण्याच्या पेशवे दप्तराचे महत्त्व कोणी ठरवत नाही. न्याहाळक हे वाचण्याचे साधन आहे. आणि वाचण्याच्या साधनाचे महत्त्व ते किती जणांच्या हाती आहे यापेक्षा, त्याच्यावाचून काय वाचता येत नाही, यावर ठरते. या दृष्टीने पाहिले तर इंटरनेट एक्सप्लोररची गोष्ट आपल्याला, म्हणजे मराठी वाचणाऱ्यांना, कोरियातल्या त्या समाधीपेक्षा पुष्कळ जवळची आहे.

आधी थोडा इतिहास. पहिला न्याहाळक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत लिहिला. त्यात पान वाचता येई तसेच लिहिताही येई; वाचक आणि लेखक ही फारकत मागाहून झाली, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९९३ साली इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी 'मोझेक' रचला आणि चित्रे मजकुराच्या शेजारी दिसू लागली. अँड्रीसन यांनी जिम क्लार्क यांच्याबरोबर १९९४ मध्ये कंपनी काढली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'नेटस्केप नॅव्हिगेटर'ची पहिली आवृत्ती आली. ऑगस्ट १९९५ मध्ये या कंपनीचे समभाग बाजारात आले. २८ डॉलरला विकलेला समभाग पहिल्याच दिवशी ५८ डॉलरच्या वर बंद झाला. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने, मोझेकचा परवाना घेतलेल्या दुसऱ्या एका कंपनीकडून मजकूर परवान्यावर घेऊन, इंटरनेट एक्सप्लोररची पहिली आवृत्ती बाहेर काढली. पुढच्या युद्धाचा तपशील सर्वश्रुत आहे. एक्सप्लोरर विंडोजबरोबर फुकट मिळू लागला, मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला, जून २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश निघाला, वर्षभरानंतर वरच्या न्यायालयाने तो रद्द केला. आणि हे सर्व होईतो नेटस्केप अमेरिका ऑनलाइनच्या मालकीची होऊन निस्तेज झाली होती. १ मार्च २००८ रोजी तिची देखभालही थांबली.

या नावांकडे एकदा थांबून पाहावे. नॅव्हिगेटर म्हणजे नौका हाकणारा, एक्सप्लोरर म्हणजे नवा प्रदेश शोधणारा. त्यानंतर लिनक्सवाल्या मंडळींनी आपल्या न्याहाळकाचे नाव 'कॉन्करर', म्हणजे जिंकणारा, असे ठेवले, आणि ॲपलने 'सफारी' ठेवले. आधी दर्यावर्दी, मग शोधक, मग विजेता आणि शेवटी शिकार: वसाहतवादाचा सगळा इतिहास चार नावांत आला. कॉन्कररच्या बाबतीत तर तो विनोद जाणूनबुजून केलेला होता. मराठी जालावर कोणीतरी 'न्याहाळक' हा शब्द घडवला, त्यात असा कोणताही पराक्रम नाही. न्याहाळणे म्हणजे निरखून, सावकाश पाहणे. वस्तूच्या स्वभावाशी विसंगत असला तरी हा शब्द मला आवडतो.

जुने न्याहाळक मेले असे आपण म्हणतो, पण ते पुरते मेले आहेत काय? आजचा कोणताही न्याहाळक एखाद्या संकेतस्थळाकडे पान मागायला जातो तेव्हा प्रथम आपली ओळख सांगतो. ही ओळख 'मोझिला ५.०' या शब्दांनी सुरू होते. मोझिला हे नेटस्केपचे कंपनीतले टोपणनाव, मोझेकला मारणारा गॉडझिला अशा अर्थाचे. नव्वदीच्या दशकात काही संकेतस्थळे पान अनेक चौकटींत मांडत, आणि चौकटी फक्त नेटस्केपला कळतात म्हणून समोरचा 'मोझिला' आहे याची खात्री करूनच ते पान देत. एक्सप्लोररला चौकटी कळू लागल्या, पण पान मिळेना. तेव्हा त्याने आपले नाव 'मोझिला' असे सांगून कंसात 'सुसंगत' असे पुटपुटायला सुरुवात केली. पुढे प्रत्येक नव्या न्याहाळकाने आधीच्याचे सोंग घेतले. आजचा क्रोम आपली ओळख देताना आपण मोझिला, मग ॲपलचे वेबकिट, मग कॉन्कररच्या पोटातले यंत्र, मग 'गेकोसारखा', मग क्रोम आणि सरतेशेवटी सफारी आहोत असे सांगतो. एखाद्या पोथीवर एकामागून एक आलेल्या लेखनिकांनी आपापली पुष्पिका जोडत जावे आणि आधीची कोणीच खोडू नये, तसा हा प्रकार आहे.

याहून मार्मिक उदाहरण चुकांचे आहे. नेटस्केप ४ आणि एक्सप्लोरर ५ यांना पानाची मांडणी करताना काही मोजमापे चुकीची करण्याची खोड होती. हजारो पाने त्या चुका गृहीत धरून लिहिली गेली. पुढे नियमांनुसार चालणारे न्याहाळक आले तेव्हा ही पाने विस्कटू लागली. म्हणून २००० सालापासून न्याहाळकांत दोन मनोवृत्ती ठेवण्याची प्रथा पडली: पानाच्या डोक्यावर योग्य ती घोषणा असेल तर नियमाने वागायचे, नसेल तर जुन्या न्याहाळकांच्या चुकांची हुबेहूब नक्कल करायची. ही नक्कल आजचे न्याहाळकही इमानाने करतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्यामागे अपपाठ काढून टाकण्याची दृष्टी होती. जालावरची परंपरा उलटी आहे. येथे अपपाठच प्रमाण म्हणून जतन होतो, कारण त्याच्यावर पुढचे सगळे रचले गेले आहे.

पण हे जतन इंग्रजीच्या वाट्याला आले. मराठीच्या वाट्याला जे आले ते वेगळे, आणि खरे म्हणजे या लेखाचा विषय तोच आहे.

१९९७ ते सुमारे २००७ या दहा वर्षांत मराठी जालावर जे लिहिले गेले त्याचा मोठा भाग आज ज्या अर्थाने आपण 'मराठी मजकूर' म्हणतो त्या अर्थाने मराठी नव्हताच. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा होती, पण सामान्य माणसाच्या विंडोज ९५ किंवा ९८ वर तिचा उपयोग करण्याची सोय नव्हती. त्याआधीपासून छपाईच्या धंद्यात वेगळीच युक्ती रुळलेली होती. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले टंक तयार करायचे, आणि संगणकाला आपण इंग्रजीच लिहितो आहोत अशा भ्रमात ठेवायचे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे टंक, आकृती, कृतिदेव ही सर्व या पंथातली. प्रत्येकाची बैठक निराळी. उदाहरणार्थ, कृतिदेव टंकात 'मराठी' हा शब्द लिहिला तर संगणकाच्या स्मृतीत रोमन लिपीतली ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच अक्षरे राहतात, बाकी काही नाही. टंक काढून घेतला की 'मराठी' नाहीशी होते आणि अर्थहीन रोमन अक्षरे उरतात. श्रीलिपीचा टंक लावला तरी ती परत येत नाही. भलतेच काहीतरी दिसते.

कागदावर छापायचे असेल तोवर यात काही बिघडत नाही. छापून झाल्यावर स्मृतीत काय आहे याची कोणाला पर्वा? जालावर मात्र वाचकाच्या संगणकावरही तोच टंक हवा. सुरुवातीच्या काळात संकेतस्थळांवर 'आधी टंक उतरवून घ्या' अशी सूचना ठळकपणे असे. परदेशातला हौशी मराठी माणूस ते करी. सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने बसलेला वाचक करीत नसे. १९९७ मध्ये यावर उपाय निघाला, तोही युद्धाच्या भाषेत, म्हणजे दोघांचा वेगवेगळा. नेटस्केप ४ ने बिटस्ट्रीम कंपनीचे तंत्र घेतले, एक्सप्लोरर ४ ने मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे. दोन्हींत टंकाची फाइल पानाबरोबरच वाचकाकडे जाई आणि पान उघडे असेतो कामाला येई. यांना 'गतिमान टंक' म्हणत. वृत्तपत्रांनी, नियतकालिकांनी, दिवाळी अंकांनी आणि हौशी मंडळींनी हा उपाय उचलला. नेटस्केप लयाला गेल्यावर मैदानात एक्सप्लोररचाच टंक उरला. २००२-०३ च्या सुमारास शंभरांतले नव्वदहून अधिक वाचक एक्सप्लोरर वापरीत असल्याने त्यात कोणाला काही वावगेही वाटले नाही.

मायक्रोसॉफ्टच्या या टंकफाइलीत एक कुलूप होते. टंक तयार करणाऱ्या कंपन्यांना आपला माल चोरीला जाईल ही भीती, म्हणून प्रत्येक फाइलीत ती कोणत्या संकेतस्थळासाठी आहे त्याचा पत्ता कोरलेला असे. पान त्या पत्त्यावरून आले तरच टंक उलगडे, अन्यथा नाही. व्यापाराच्या दृष्टीने ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. वाङ्मयाच्या दृष्टीने तिचा परिणाम काय झाला पाहा. एखाद्याने आवडलेली कथा आपल्या संगणकावर साठवून ठेवली, तर ती साठवताच पत्ता बदलला आणि मराठी गेली. संकेतस्थळ बंद पडले, पत्ता दुसऱ्याने घेतला, मराठी गेली. १९९६ पासून पाने साठवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या संग्रहात ते पान सुखरूप असले, अगदी टंकाची फाइलही त्याच्याशेजारी साठवलेली असली, आणि आपण खराखुरा जुना एक्सप्लोरर घेऊन ते उघडले, तरी पत्ता आर्काइव्हचा असल्यामुळे कुलूप उघडत नाही. पान आहे, टंक आहे, न्याहाळक आहे, आणि वाचता येत नाही. ग्रंथालयाच्या इतिहासात याला तोड सापडणे कठीण. वाळवी लागलेल्या पोथीत निदान उरलेली अक्षरे वाचता येतात.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर एक्सप्लोररवर अन्याय होईल. ज्याने मराठीला कुलुपात ठेवले त्यानेच दार उघडण्याचेही काम केले. विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड टंक आला. आणि जोडाक्षरे, वेलांट्या, रफार यांची योग्य जुळणी करणारे यंत्र एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीच्या काळात विंडोजमध्ये शिरले. त्यामुळे विंडोज ९८ सारख्या जुन्या यंत्रणेवरही, योग्य टंक मिळाला तर, एक्सप्लोरर ५.५ मध्ये युनिकोड देवनागरी नीट वाचता येई, लिहिता येत नसली तरी. नेटस्केप ४ ला हे कधीच जमले नाही. विंडोज एक्सपी आली तेव्हा पूर्ण देवनागरीसाठी 'गुंतागुंतीच्या लिप्या' नावाच्या खणात एक खूण करावी लागे आणि मग यंत्रणा मूळ तबकडी मागे. ती तबकडी किती जणांपाशी होती हा प्रश्न न विचारलेला बरा! पण ती खूण केली नसतानाही एक्सप्लोरर बहुधा नीट मराठी दाखवी. फायरफॉक्समध्ये मात्र ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे लटकत राही आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसत. पुढे खूण करूनही, मजकूर दोन्ही समासांना सरळ बसवला की फायरफॉक्सच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत मराठीचे तुकडे होत. जून २००८ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत ते थांबले. त्या काळात संगणकातले जाणते लोक एक्सप्लोरर सोडण्याचा उपदेश मोठ्या आवाजात करीत होते, आणि तो सुरक्षिततेच्या दृष्टीने बरोबरही होता. ऑगस्ट २००१ ते ऑक्टोबर २००६ अशी पाच वर्षे प्रतिस्पर्धी न उरल्यामुळे मायक्रोसॉफ्टने सहाव्या आवृत्तीनंतर पुढची आवृत्ती काढली नाही, आणि त्या काळात तिच्या छिद्रांतून काय काय शिरले त्याची यादी मोठी आहे. पण ज्याला मराठी वाचायचे होते त्याच्यापाशी एक्सप्लोररला चिकटून राहण्याचे कारण होते, आणि ते अज्ञानाचे नव्हते. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला आणि त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत युनिकोडमध्ये लिहिणारी मराठी वस्ती जालावर वाढली, ती बहुतांशी या बदनाम न्याहाळकाच्या खिडकीतून वाचली गेली.

त्या संक्रमणकाळाच्या खुणा युनिकोड मजकुरातही राहिल्या आहेत. 'दऱ्या' या शब्दातला अर्धा र घ्या. तो काढण्यासाठी तेव्हाच्या अनेक कळफलकांत र, त्याचा पाय मोडणारी खूण आणि तिच्यापुढे एक शून्य रुंदीचे, डोळ्यांना न दिसणारे चिन्ह, असा क्रम वापरावा लागे. मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना एखाद्या आज्ञावलीने हे अदृश्य चिन्ह फालतू समजून गाळले, की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगरातल्या खोल जागेचा समुद्र झाला! 'आचाऱ्यांना' बोलावले असेल तर आचार्य येऊन उभे राहतात. २००५-०६ च्या सुमाराचे मराठी लेखन आज वाचताना 'दुसर्या', 'सार्या' अशी रूपे जागोजाग दिसतात आणि विद्यार्थी ती लेखकाच्या अशुद्धलेखनाच्या खात्यावर टाकतो. तो दोष लेखकाचा नाही, स्थलांतराचा आहे. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या प्राध्यापकांना यापेक्षा सोपे, विद्यार्थ्यांच्या हाताशी असलेले उदाहरण मिळणार नाही.

एका न्याहाळकाशी सगळा व्यवहार बांधून घेण्याचा अनुभव आपल्यापुरताच नाही. कोरियाने १९९८ साली संदेश गुप्त ठेवण्याची स्वतःची पद्धत तयार केली आणि बँका व सरकारी कामे तिच्यावर चालवली. ती एक्सप्लोररच्या जोडणीतूनच चाले. त्या देशाला यातून सुटायला वीस वर्षे लागली, आणि ग्यॉन्जूच्या समाधीवरचा विनोद म्हणूनच इतका कडवट आहे. ज्या कचेऱ्या अजून सुटलेल्या नाहीत त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने आपल्या 'एज' या नव्या न्याहाळकाच्या पोटात जुना एक्सप्लोरर दडवून ठेवला आहे आणि तो निदान २०२९ पर्यंत ठेवण्याचे आश्वासन दिले आहे. कचेऱ्यांची काळजी घेणारे कोणी ना कोणी असतेच. त्यांची देयके अडतात.

साहित्याची काळजी घेणारे पाश्चात्य देशांत काही प्रमाणात आहेत. रशियन कलावंत ओलिया लियालिना यांची १९९६ सालची एक जालकृती चौकटींत रचलेली आहे. युद्धावरून परतलेला प्रियकर आणि त्याची वाट पाहणारी स्त्री यांचा संवाद वाचक टिचकी मारत जातो तसतसा लहान लहान चौकटींत फुटत जातो. ती आजच्या न्याहाळकातही उघडते, पण नेटस्केपच्या राखाडी कडा आणि त्या काळच्या जोडणीचा संथपणा हा त्या कृतीचा भाग होता. याच लियालिना आणि ड्रॅगन एस्पेनशीड यांनी, २००९ मध्ये बंद पडलेल्या जिओसिटीजची स्वयंसेवकांनी वाचवलेली पाने घेऊन ती जुन्या नेटस्केपमध्ये कशी दिसत त्याची चित्रे एकामागून एक प्रकाशित करण्याचा उद्योग केला. अमेरिकेत डीन ग्रिगर आणि स्टुअर्ट मोलथ्रॉप यांनी आरंभीच्या संगणकीय साहित्यकृती त्यांच्या काळच्या यंत्रांवर, शक्य तेथे खुद्द लेखकांकडून वाचून घेऊन, त्या वाचनाचे चित्रण करून ठेवले. 'ट्रॅव्हर्सल्स' हा त्यांचा २०१७ चा ग्रंथ त्यावर आधारलेला आहे. २०१५ साली सुरू झालेल्या 'ओल्डवेब टुडे' या संकेतस्थळावर तर आजच्या न्याहाळकाच्या आत जुना नेटस्केप किंवा एक्सप्लोरर चालवून जुनी पाने पाहण्याची सोय झाली. सर्ननेही आपल्या पहिल्या न्याहाळकाची प्रतिकृती २०१९ मध्ये करून घेतली.

मराठीच्या बाबतीत अशा कामाला आणखी एक पायरी लागेल, ती कुलुपामुळे. ती अवघड नाही. जालापासून तोडलेल्या एका संगणकात, किंवा संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, विंडोज ९८ आणि एक्सप्लोरर ५.५ बसवावा; जालाशी संबंधच नसल्याने सुरक्षिततेचा प्रश्न येत नाही. बंद पडलेल्या संकेतस्थळाची साठवलेली पाने आणि टंक त्याच यंत्रावर ठेवावे आणि त्या संकेतस्थळाचे मूळ नाव यंत्राने स्वतःकडेच वळवावे. पत्ता जुळला की टंक उलगडतो. एखाद्या मराठी विभागाने आणि एखाद्या संगणक विभागाने मिळून एका सत्रात करण्यासारखा हा प्रकल्प आहे.

यावर हमखास आक्षेप येतो की एवढा खटाटोप कशाला, जुन्या टंकांतला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तके आहेत, ती लावावी आणि मोकळे व्हावे. परिवर्तके आहेत आणि ती वापरलीच पाहिजेत. फायरफॉक्ससाठी 'पद्म' नावाची एक जोडणी पूर्वी पानावरच हे रूपांतर करून देत असे. फायरफॉक्सने नोव्हेंबर २०१७ मध्ये जुन्या पद्धतीच्या सर्व जोडण्या बंद केल्या. पण रूपांतर ही यांत्रिक क्रिया आहे असे समजणे चूक आहे. जुन्या टंकांत अक्षरे दिसण्याच्या क्रमाने ठेवलेली असतात, उच्चाराच्या क्रमाने नव्हे. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, रफार अक्षराच्या नंतर. परिवर्तकाला ती उचलून योग्य जागी न्यावी लागतात, आणि तीन व्यंजनांच्या जोडाक्षरात तो कधी कधी चुकतो. मजकुरात मधेच इंग्रजी शब्द असेल तर तो खरा इंग्रजी आहे की देवनागरीचे सोंग, हे त्याला कळेलच असे नाही. राजवाड्यांनी १८९८ पासून इतिहासाची साधने छापली तेव्हा मोडीतून बालबोधीत आणताना प्रत्येक शब्दागणिक जो निर्णय करावा लागला तोच येथे करावा लागतो. निर्णय करायचा तर मूळ प्रत डोळ्यांसमोर हवी. पान मूळ लेखकाला आणि त्याच्या पहिल्या वाचकाला जसे दिसले तसे दिसण्याची जागा एकच आहे, आणि ती म्हणजे तो वृद्ध न्याहाळक.

जेथे पान राहिले आणि टंक हरवला, तेथे काय करायचे हा प्रश्न राहतोच, आणि अशी पाने थोडी नसणार. तेथे फक्त रोमन अक्षरांचा बुजबुजाट समोर असतो आणि तो कोणत्या पंथाच्या टंकातला आहे हे आधी ओळखावे लागते. त्यासाठी यंत्रापेक्षा माणूस उपयोगी पडतो. नव्वदीच्या दशकात पुण्या-मुंबईत पुस्तके जुळवणारे, रेमिंग्टनच्या कळफलकावर वर्षानुवर्षे बोटे चालवलेले डीटीपीवाले ई-जे-के-बी-एच असे दिसले की क्षणभरही न थांबता 'मराठी' असे वाचतात. त्यांच्या बोटांना ते पाठ असते. पेशवे दप्तर चाळणाऱ्यांना मोडी झरझर वाचणारे कारकून लागत, तसे हे आपले कारकून. त्यांतले बहुतेक आता साठीच्या आसपास आहेत.